राग माणूस पाहून येतो



गावच्या आखरावर दोन सांड समोरासमोर आले, तर ते लगेच शिंगाला शिंग लावीत नाहीत, हे तुम्ही शंभरदा पाहिले असेल. आधी एक जण आडवा होतो. मान खाली घालतो, पाठीची कमान करतो, आपली सगळी कूस दुसऱ्याला दिसेल असा उभा राहतो आणि खुराने माती उकरतो. मी केवढा आहे ते बघून घे, असे जणू तो सांगत असतो. दुसऱ्याला आपले बळ कमी वाटले तर तो तोंड फिरवतो आणि चार पावले बाजूला सरतो. तेवढ्याने प्रकरण मिटते. दोघेही आपापल्या गाईंत जाऊन चरू लागतात. शिंगे लागतात ती दोघांनाही आपण मोठे वाटले तरच, किंवा बाजूला सरायला वाट उरली नाही तर.

ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांना १९७३ साली आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. जनावरांच्या अशा वागणुकीचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. एकाच जातीची जनावरे भांडतात तेव्हा जीव घेण्यापूर्वी थांबण्याची काही खूण त्यांच्यात असते, हे त्यांनी पुष्कळ उदाहरणांनी दाखविले. हरलेला कुत्रा उताणा पडून पोट वर करतो, हे आपण आपल्या अंगणातच पाहतो. म्हणजे भांडणात दोन गोष्टींना महत्त्व आले. समोरचा दिसतो कसा, ही एक; आणि तो माघारीची खूण करतो की नाही, ही दुसरी.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर हा माणूस सांडांची आणि कुत्र्यांची गोष्ट कशाला सांगतो? त्याचे कारण असे की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गावोगाव फिरताना मला कीड-रोगांइतकेच भांडणांचे नुकसान दिसत आले आहे. धुऱ्यावरून, बांधीतल्या पाण्यावरून, ढोरांनी खाल्लेल्या पिकावरून डोकी फुटतात. त्यातले मूळ नुकसान पायलीभर दाण्याचे असते, आणि पुढे पाच-सात वर्षे तहसीलच्या आणि कोर्टाच्या वाऱ्या होतात. या भांडणांकडे नीट पाहिले तर आपणही सांडाहून फार वेगळे वागत नाही असे दिसते. फरक एवढाच, की सांड दुसऱ्याचे अंगबळ पाहतो आणि आपण धोतर, चप्पल, जात आणि गाडी पाहतो.

ज्यांनी आपल्या झाडीपट्टीतली नाटके रात्र-रात्र जागून पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. पडदा वर गेला, की कोण मारणार आणि कोण मार खाणार हे पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला कळते. मिशा, डोळे, हातातली काठी, एवढ्यावरून आपण माणूस ठरवतो. नाटकात ते ठीकच आहे, वडसेच्या कंपन्यांचा धंदा त्यावर चालतो. पण नाटक संपले तरी आपला डोळा तीच सवय घेऊन घरी येतो.

अमेरिकेत १९६८ साली अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस या दोन संशोधकांनी एक मौजेचा प्रयोग केला होता. त्यांनी चौकात हिरवा दिवा लागल्यावरही आपली मोटार मुद्दाम जागची हलविली नाही. काही वेळा मोटार नवी, महागडी होती. काही वेळा जुनी, गंजलेली. मागचा चालक किती वेळ दम धरतो आणि भोंगा वाजवतो की नाही, एवढेच पाहायचे होते. बारा सेकंदांच्या आत जुन्या मोटारीवर १०० पैकी ८४ चालकांनी भोंगा वाजविला. महागड्या मोटारीवर मात्र १०० पैकी ५० जणांनीच. दोन्ही वेळी खोळंबा तोच होता. चूक तीच होती. राग मात्र मोटार पाहून आला.

आपल्याकडे चौकातले दिवे सगळीकडे नाहीत, पण युरियाची रांग आहे. रोवणी आटोपली, पाऊस बरा झाला आणि कृषी केंद्रात गाडी उतरली, की ती रांग कशी असते ते तुम्ही जाणताच. त्या रांगेत पांढऱ्या कपड्यातला, खिशाला पेन लावलेला एखादा गृहस्थ मधेच शिरला तर लोक कुरकुरतात, आपसात बोलतात, फार तर कोणी म्हणतो, "काय जी, आम्ही काय सकाळपासून उगाच उभे आहोत?" तेच काम फाटक्या बनियनवाल्या, चिखलाच्या पायाच्या माणसाने केले तर त्याला ढकलून बाहेर काढतात. आणि गंमत अशी की ढकलणाऱ्याचेही पाय चिखलाचेच असतात.

माझ्या स्वतःच्या नोकरीतही हा अनुभव नित्याचा आहे. बियाणे उगवले नाही म्हणून गाव चिडलेले असते. मी जीपमधून उतरलो तर खुर्ची येते, चहा येतो आणि तक्रार हात जोडून होते. माझ्या आधी दोन दिवस सायकलवरून आलेल्या आमच्या कोवळ्या कृषी सहायकाला मात्र त्याच गावाने आई-बहिणीवरून ऐकविलेले असते. ते बियाणे त्याने विकलेले नसते आणि मीही विकलेले नसते.

खाकी कपड्याचे तर आणखीच वेगळे आहे. वाघाने माणूस मारला, की गावाचा सारा राग पहिल्या येणाऱ्या वनरक्षकावर निघतो. मोहाच्या किंवा तेंदूच्या दिवसांत जंगलात वाकून काम करणारा आपला माणूस जातो, हे दुःख लहान नव्हे. पण तो वनरक्षक बहुधा शेजारच्याच तालुक्यातल्या कास्तकाराचा मुलगा असतो. त्याच्या बापाचेही धान रानडुकरांनी लोळविलेले असते. खाकी अंगावर चढली, की तो आपल्याला मुलगा दिसत नाही, सरकार दिसते. उलट असाही साहेब मी पाहिला आहे, की जो गावाच्या सीमेवरच गाडी सोडून पायी आला, मयताच्या घरी खाली चटईवर बसला आणि पंचनाम्याचा कागद काढण्याआधी म्हणाला, "आम्ही कमी पडलो, बाई." गावाने त्याला सोडले असे नाही. पण त्या दिवशी दगड उचलला गेला नाही.

इथवर ठीक आहे, भोंगे आणि कुरकुर यावर हसता येते. पण रूप पाहून चढलेला राग कुठवर जातो, हेही सांगितले पाहिजे. २०१८ च्या १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी बाजारच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षुक होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची खोटी बातमी त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्या पाच जणांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. ते परके होते, गरीब होते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नव्हते, एवढाच त्यांचा दोष. त्यांना बोलायला, समजावायला अवसरच मिळाला नाही.

धुळे आपल्यापासून दूर आहे असे म्हणू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, करणी केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायका-पुरुषांना भर चौकात बांधून मारले. आणि २०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्याच तारखेला गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा येथे, एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयाने जाळून मारण्यात आले. अशा प्रकरणांत संशय कोणावर येतो, ते एकदा आठवून बघा. पाटलाच्या तरण्या मुलावर सहसा येत नाही. येतो तो केस पांढरे झालेल्या, डोळे लाल झालेल्या, एकट्या राहणाऱ्या विधवेवर, वाकलेल्या म्हाताऱ्यावर, दुबळ्या घरावर. चुलीच्या धुराने आयुष्यभर जळलेले डोळे लालच होणार! त्याचा आणि तुमच्या लेकराच्या तापाचा संबंध नाही. तापाचा संबंध मच्छराशी आहे, आणि गडचिरोलीत हिवताप किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद होते. मारहाणीची आणि खुनाची कलमे वेगळीच.

या प्रकरणांत आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. जमाव पुष्कळदा त्या म्हातारीकडून माफी मागवतो. "कबूल कर, पाया पड, आणि घेतलेले परत घे." बिचारी भीतीने पाया पडते. तिला वाटते, आता सुटका होईल. पण जमाव म्हणतो, बघा, केले म्हणूनच पाया पडली! ज्याने काही केलेच नाही त्याच्याकडून काढलेली माफी राग विझवीत नाही, तो पेटविते. माफीची ताकद मोठी आहे, हे मी आता सांगणारच आहे. पण ती चूक केलेल्याने मागायची असते, दुबळ्याने नव्हे. हा फरक डोक्यात ठेवून पुढचे वाचा.

आता आपल्या नेहमीच्या भांडणांकडे येऊ.

धानाच्या पट्ट्यातले सर्वांत ठरलेले भांडण लाखोळीचे आहे. धान कापणीपूर्वी पंधरा-वीस दिवस, बांधीत ओल असताना, आपण लाखोळी किंवा जवस उतेरा म्हणून फेकतो. धान निघाले, की गावाला वाटते रान मोकळे झाले, ढोरे सुटतात. ज्याने उतेरा टाकला त्याच्या बांधीत ती शिरतात. हा धावत येतो, तो झाडाखाली बसलेला असतो. पुढची दोन मिनिटे सारे ठरवितात.

माझ्या पाहण्यातले असे एक प्रकरण आहे. नावे-गावे सांगत नाही. तीन ढोरे लाखोळीत शिरली. ढोरांचा मालक जरा बऱ्या घरचा, बांधीवाला कोरडवाहू दोन एकरांचा धनी. बांधीवाला ओरडत आला तेव्हा मालक उठलाही नाही. "ढोरच ते, त्याला काय कळते? कुंपण घालायचे होते," असे म्हणाला. बांधीवाल्याने तुतारी हिसकली आणि मालकाच्या पाठीत घातली. मग मालकाची दोन मुले आली. बांधीवाल्याचा हात मोडला, आणि प्रकरण पोलिसांत गेले. पुढे तीन वर्षे लाखोळीही नाही आणि बोलणेही नाही.

मी नंतर त्या बांधीत जाऊन पाहिले होते. किती खाल्ले असेल? आम्हा लोकांना मोजायची सवय. खाल्लेला तुकडा साधारण १० मीटर लांब, ८ मीटर रुंद होता, म्हणजे ८० चौरस मीटर. शेजारच्या चांगल्या पिकातला १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकोन कापून झोडपला, तर ४० ग्रॅम दाणे निघाले. ८० गुणिले ४०, म्हणजे ३ किलो २०० ग्रॅम लाखोळी. हात मोडला तो तेवढ्यासाठी? नाही. हात मोडला तो मालक उठला नाही म्हणून. "कुंपण घालायचे होते" हे वाक्य त्या माणसाला जे लागले, ते तीन ढोरांनी खाल्लेल्यापेक्षा जास्त होते. तोच मालक उठून उभा राहिला असता, आधी ढोरे हाकलली असती आणि म्हणाला असता, "चुकलं माझं, भाऊ, डोळा लागला," तर? तर शिव्या झाल्या असत्या, तुतारी उठली नसती, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

हे माझेच मत नव्हे. जपानमध्ये केनइची ओहबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. महाविद्यालयातल्या मुलींना एक काम दिले होते, आणि मदतनीस बाईच्या चुकांमुळे त्यांचे ते काम बिघडत होते. नंतर त्या मुलींना मदतनीस बाईबद्दल मत देण्याची, म्हणजेच वचपा काढण्याची, संधी दिली. जिथे बाईने माफी मागितली होती तिथे मुलींनी हात आखडता घेतला. तिच्याबद्दल त्यांचे मतही बरे राहिले. काम बिघडलेले ते बिघडलेलेच होते, नुकसान कमी झाले नव्हते. पण चूक करणारी माणूस म्हणून वाईट नाही, एवढे कळले आणि राग उतरला. त्याच अभ्यासात एक दुसरी गोष्टही निघाली, ती आपण विसरू नये. नुकसान जितके भारी, तितका नुसत्या शब्दांचा उपयोग कमी.

लहान मुलांवरही असाच एक अभ्यास अमेरिकेत १९८२ साली ब्रूस डार्बी आणि बॅरी श्लेंकर यांनी केला. जितकी पुरी माफी, तितका दोष कमी आणि क्षमा लवकर, असे मुलांनीच ठरविले. नुसते "सॉरी" पुटपुटण्यापेक्षा, वाईट वाटले असे सांगून काही मदत देऊ करणारा त्यांना बरा वाटला. म्हणून भगिनींनो, तुमच्या पोराने शेजारच्या पोराला गोटा मारला, तर त्याचा कान धरून नुसते "सॉरी म्हण" म्हणवून घेऊ नका. त्याच्या हाती हळदीची वाटी द्या आणि लावायला पाठवा. हापशीवरच्या भांडणांबद्दल मी काही बोलत नाही. तिथले तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

पुरी माफी म्हणजे काय? आपली मराठी यात मोठी लबाड आहे. "चूक झाली" असे आपण म्हणतो. जणू चूक आभाळातून गारेसारखी पडली. "काही चुकलं असेल तर माफ करा" हे त्याहून वाईट. म्हणजे चुकले की नाही ते तूच ठरव. "बैलानं दावं तोडलं, मी काय करू" ही तर माफीच नव्हे, तो बचाव झाला. "मी चुकलो" किंवा "चुकलं माझं", एवढे दोनच शब्द कामाचे आहेत, कारण त्यांत माणूस समोर येऊन उभा राहतो. ते म्हणताना बसून राहू नका, उठून उभे राहा. हातातली काठी, कुऱ्हाड, तुतारी खाली ठेवा. सांड तोंड फिरवतो त्याची ही आपली रीत आहे. तुमच्या माफीआधी समोरच्याला तुमची कुऱ्हाड दिसली तर तो शब्द ऐकणार कसा?

आणि माणसाला नात्याने हाक मारा. आपल्याकडे गोंड भाऊ भेटला तर "जोहार", दुसरा भेटला तर "राम राम", हे आधी. भांडणात पहिले जाते ते हेच. कालपर्यंतचा "काका" आज "अबे" होतो. ज्याला तुम्ही काका म्हणता त्याच्यावर हात उचलणे अवघड असते, आणि जो तुम्हाला काका म्हणतो त्याच्यावरही.

मला नेहमी एक नवल वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. हळद आणि लोणी किंवा तूप कोमट करून जुवाने घट्टे पडलेल्या जागी चोळतो. बैलाला तोंडी बोलत नाही, पण जिथे आपण वर्षभर दुखविले नेमक्या त्याच जागी हात ठेवतो. याहून चांगली भरपाईची रीत कोणत्या पुस्तकात सापडेल? पण तीच आपण शेजाऱ्याच्या बाबतीत विसरतो. लाखोळी खाल्ली तर लाखोळी भरून द्यायची. ३ किलो २०० ग्रॅम झाली तर ४ किलो न्या. तेही संध्याकाळच्या आत, आणि स्वतः न्या, सालदाराच्या हाती पाठवू नका. सालदाराच्या हाती पाठविलेली माफी म्हणजे मजुरी झाली.

काही जण म्हणतात, माफी मागितली तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल, समोरचा डोक्यावर बसेल. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून साक्षीला दोन समंजस माणसे घ्या, नुकसान मोजा आणि दिले-घेतले ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. गावात तंटामुक्ती समिती असेल तर तिच्यासमोर करा. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा अशी हजारो प्रकरणे गावातच मिटली. पुष्कळ गावांत ती समिती पुढे नावापुरती राहिली, हेही खरे. जिथे चालली तिथे का चालली ते मी पाहिले आहे. तिथे अध्यक्षाने दोघांना एकाच सतरंजीवर बसविले. एकाला खुर्ची आणि एकाला जमीन, अशी बैठक असेल तर निवाडा आधीच झालेला असतो. आणि जबर मारहाण, बाईवरचा अत्याचार, जातीवरून केलेला छळ ही प्रकरणे समितीपुढे हात जोडून मिटवायची नसतात; ती पोलिसांकडेच गेली पाहिजेत. अशा ठिकाणी "माफी मागून मोकळे व्हा" म्हणणारे पंच दुबळ्याच्याच मानेवर पाय देतात.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव तुम्हाला माहीत असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते २००९ साली आले. तिथे ग्रामसभेत मतदान करून बहुमताने ठरवीत नाहीत. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत राहतात. वेळ फार लागतो, हे कबूल. पण मत मोजले नाही म्हणजे कोणी हरले नाही, आणि हरलेला माणूस अपमान कमरेला बांधून घरी गेला नाही. आमच्या खात्याच्या सभा तासात उरकतात आणि भांडण सहा महिने चालते. हिशेब तुम्हीच करा.

आता राहिला प्रश्न, आधी कोणी बोलायचे. रीत अशी पडली आहे की लहानाने मोठ्याची माफी मागावी. मला ती उलटी वाटते. वर सांगितले की राग रूप पाहून येतो. फाटक्याच्या चुकीवर आपण आधीच जास्त चिडतो आणि बड्याची चूक गिळतो. फाटक्याची माफी गावाला दिसतही नाही, ती त्याचे कामच समजली जाते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, ज्याच्या दारात मोटारसायकल आहे, ज्याचा मुलगा चंद्रपूरला नोकरीला आहे, त्याने उठून "चुकलं माझं" म्हटले, तर त्याची किंमत मोठी. ट्रॅक्टरच्या चाकाने शेजाऱ्याचा धुरा दोन हात खचला, तर मालकाने त्याच दिवशी फावडे घेऊन जावे. धुऱ्याची हद्द खरोखरच वादात असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करा. त्यासाठी भांडायची गरज नाही, अर्ज लिहायची आहे.

परक्या माणसाचेही तसेच. गावात अनोळखी भिक्षेकरी, भंगारवाला, जडीबुटीवाला आला आणि कोणाला शंका आली, तर चार तरण्यांनी घेरू नये. एका वयस्क माणसाने "कोणत्या गावचे, भाऊ?" असे विचारावे, पाणी द्यावे, आणि पोलीस पाटलाला बोलवावे. शंका उरली तर ११२ वर फोन करावा. मोबाइलवर आलेली मुले पळविणाऱ्यांची बातमी पुढे पाठवू नये. करणीचा संशय असेल तर आजारी लेकराला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रक्ताची तपासणी तिथे फुकट होते.

लाखोळीचे भांडण तर पेरण्याआधीच मोडता येते. धान निसवले, की उतेरा टाकायचा विचार सुरू होतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून नोंदवहीत लिहून घ्या. कोणत्या बांध्यांत उतेरा टाकणार त्यांची यादी, ढोरे मोकळी सोडायची तारीख, आणि नुकसान झाले तर ते मोजायला जाणार ते दोन माणसे कोण. त्या दोघांतला एक दोन एकरवाला असावा. १ मीटर चौकोनाची बांबूची चौकट करून ग्रामपंचायतीत ठेवा. सुतार नसला तरी चालेल, ती घरच्या घरी बांधता येते. चारही बाजू फीतीने मोजून घ्या आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत तेही पाहा म्हणजे झाले.